आधी कुत्रा पाळला होता का?

मेट्रनबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस "नाही" म्हणाला की तो खरं बोलतोय का ते बघायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती. सदतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात गेलेली. ऑपरेशनच्या सकाळी "काही खाल्लंत का?" असं विचारलं की झाडून सगळे पेशंट "नाही" म्हणायचे, आणि दर चार-सहा जणांमागे एकाच्या उशीखाली बिस्किटाचा कागद निघायचा. शेवटी शेवटी बाई आधी उशी उचलायच्या आणि मग प्रश्न विचारायच्या.

आता त्या शहराच्या कडेला असलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्याचं काम करत. काम एकच: कुत्रा न्यायला आलेल्या माणसाच्या घरी आधी जाऊन बघून यायचं. जागा कशी आहे, माणसं कशी आहेत, फाटकाला कडी आहे का. मग फॉर्मवर सही. त्यांची सही झाल्याशिवाय निवाऱ्यातून पिल्लू हलत नसे.

अशी माणसं पारखणारी बाई, पण गेल्या वर्षी तीच फसली. एक गृहस्थ आले होते. बोलणं लोण्यासारखं, घर आरशासारखं. बाईंना बसायला त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली होती. बाईंनी सही केली. दोन महिन्यांनी तेच पिल्लू एका गोदामाच्या दारात हातभर साखळीला बांधलेलं सापडलं. गृहस्थांनी ते राखणीसाठी कुणाला तरी देऊन टाकलं होतं. त्याच्या गळ्याभोवतीची जखम बाईंनी स्वतःच्या हाताने धुतली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई तर त्या दिवसापासून साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या.

यंदा निवाऱ्यात ढब्बू होता. चार महिन्यांचा, अंगावर चिखलाच्या रंगाचे पट्टे, एक कान उभा आणि एक पडलेला. आई रस्त्यावरची, काटक. बाप कोण ते तिलाच ठाऊक. पंजे मात्र बशीएवढे. निवाऱ्याची तरुण डॉक्टर म्हणायची, "बाप बहुतेक वासरू असावं." त्याची चारही भावंडं घरोघरी गेली. हा राहिला. लोक यायचे, कौतुक करायचे, पंजे बघायचे आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं लहान पिल्लू घेऊन जायचे.

मग एक दिवस सोफे दुरुस्त करणारा एक कारागीर आला. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, पाठीत वाकलेला. वर्षानुवर्षं ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम केल्यामुळे तो बोलताना तोंड जेमतेम उघडायचा. सगळे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून यायचे. पिंजऱ्यांच्या रांगेतून तो एकदा गेला, एकदा परत आला आणि विचारता झाला, "ह्यातला सगळ्यात मोठा कुठला होईल?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा प्रश्न कोण विचारतं ते त्यांना पाठ झालं होतं. गोदामवाले विचारतात.

"मोठाच कशाला हवा?"

"लहान पायात येतो. आमच्याकडे जड सामान हलत असतं."

उत्तर चोख होतं. जरा जास्तच चोख. त्याने फॉर्म भरला. ‘आधी कुत्रा पाळला होता का?’ या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, ‘नाही.’ लिहिण्याआधी त्याचं पेन कागदावर टेकून क्षणभर थांबलं, ते बाईंनी पाहिलं.

दोन दिवसांनी त्या त्याच्या घरी गेल्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात फाडून ठेवलेले सोफे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, लाकडी सांगाडे. खिडकीजवळ त्याची मोठी बहीण शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत बसली होती. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बाईंनी आधी जमीन पाहिली. सोफ्याचं दुकान म्हणजे चुका आणि टाचण्यांचा सडा. इथे एक नव्हती. कोपऱ्यात काठीला लोहचुंबक बांधून ठेवला होता. फोमचे तुकडे मोठ्या पिंपांत भरून पिंपांना झाकणं, आणि प्रत्येक झाकणावर वीट. ज्या माणसाने आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही, त्याला हे कुणी शिकवलं?

मागच्या दाराला नवा रंग होता. बाई वाकल्या. रंगाखाली, गुडघ्याच्या उंचीवर, नखांचे ओरखडे बोटाला लागत होते. आणि दारामागच्या खिळ्याला चामड्याचा पट्टा लटकत होता. हाताने धरून धरून काळा पडलेला, एका जागी नव्याने शिवलेला.

"हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा. शिवायला आला होता."

"केव्हा?"

"झाले बरेच दिवस."

शिवणयंत्र थांबलं. बाई बहिणीकडे वळल्या. "ताई, तुमची काही हरकत नाही ना कुत्र्याला?"

"मला विचारू नका," बहीण म्हणाली. "मी त्याला नको म्हणून सांगितलंय."

"का हो?"

"नको म्हणजे नको." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

बाहेर पडल्यावर बाई शेजारच्या केस कापायच्या दुकानात डोकावल्या. "ह्यांच्याकडे कुत्रा होता का हो कधी?" न्हाव्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे. "ते त्यांनाच विचारा," तो म्हणाला आणि मूग गिळून कात्री चालवू लागला.

निवाऱ्यात आल्यावर बाईंनी फॉर्म डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. "माणूस खोटं बोलतोय."

"कशाबद्दल?"

"तेच तर कळत नाही. पण पाणी मुरतंय कुठेतरी."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "मेट्रनबाई, ढब्बू महिन्याला तीन-चार किलो वाढतोय. पिंजऱ्यात तो आता उभा राहिला की डोकं लागतं. त्याला मागायला आलेला हा पहिला माणूस. जागा वाईट आहे का?"

"जागा चांगली आहे. तीच तर भीती."

"मग एक महिना कच्चा देऊ. तुम्ही लक्ष ठेवा. काही दिसलं तर लगेच परत आणू."

बाईंनी ‘कच्चा’ हा शब्द फॉर्मवर दोनदा अधोरेखित केला आणि ढब्बू गेला.

पहिल्या आठवड्यात त्या न सांगता गेल्या. ढब्बू मजेत होता. त्याच्यासाठी धुता येईल अशी रेक्झिनची गादी शिवली होती, कडेला दुहेरी शिवण घालून. बाईंनी गादी उचलून खाली पाहिलं. काही नव्हतं. भिंतीवर मात्र एक वही टांगलेली होती. ढब्बूने किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता शी केली, कशी केली, सगळं तारीखवार. वॉर्डात बाईंनी शिकाऊ नर्सना ओरडून ओरडून असे चार्ट लिहायला लावले होते. पण ते आजाऱ्यांचे. धडधाकट पिल्लाच्या शीची वेळ कोण लिहितं? एक तर ज्याला आजार लपवायचाय तो, नाहीतर ज्याला माल चांगला असल्याचा पुरावा पुढच्या माणसाला दाखवायचाय तो.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या पुन्हा गेल्या, तर दुकान बंद. बहिणीने दार अर्धवट उघडलं.

"बाहेर गेलाय."

"कुत्र्याला घेऊन?"

"हो."

"कुठे?"

"येईल." दार लागलं.

या वेळी न्हाव्याला राहवलं नाही. तो रुमाल झटकायला बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "मंगळवारी आणि शुक्रवारी जातात ते. पुलाकडे."

पुलापलीकडे गोदामं होती. बाईंना रात्रभर झोप लागली नाही.

शुक्रवारी त्या पुलाच्या अलीकडे वर्तमानपत्र उघडून बसल्या. आपल्या वयाला हे शोभत नाही हे त्यांना कळत होतं, पण गळ्याभोवतीची ती जखमही त्यांना दिसत होती. अकराला कारागीर आला. पुढे ढब्बू, दिसेल त्या खांबाशी थांबणारा, मागे हा, त्याच्याइतकाच धीराने थांबणारा. पूल ओलांडून दोघं डावीकडे वळले, गोदामांची रांग मागे टाकून चालत राहिले आणि जनावरांच्या एका दवाखान्यात शिरले.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर पडल्यावर बाई आत गेल्या. "मी निवाऱ्याकडून आलेय. त्या पिल्लाला झालंय काय?"

"काही नाही," कंपाउंडर हसला. "तेच आम्ही त्यांना सांगतो. आठवड्यातून दोनदा येतात आणि म्हणतात, पोट दाबून बघा, आत काही अडकलेलं नाही ना. पिल्लूसुद्धा आता कंटाळून स्वतःच आडवं होतं."

बाई रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. जनावरांचा एक दवाखाना कारागिराच्या दुकानामागच्याच गल्लीत होता. तो सोडून हा माणूस पिल्लाला एवढं लांब का आणतो? मागच्या गल्लीत त्याला कोणी ओळखतं म्हणून?

त्या तडक मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सोफेवाले ना? हो, त्यांचा कुत्रा होता. मोठा होता. बाकीचं त्यांच्याकडूनच ऐका."

कारागीर खुर्चीला रेक्झिन ठोकत होता. ओठांत चार चुका. ढब्बू बहिणीच्या यंत्राखाली पसरला होता. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे कुत्रा होता."

हातोडी थांबली. त्याने ओठांतली एकेक चूक काढून तळहातावर ठेवली.

"सांग आता," बहीण म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"होता," तो म्हणाला. "आठ वर्षं. तो पट्टा त्याचाच." त्याने तळहातावरच्या चुका डबीत टाकल्या. "एका नाटकघराच्या खुर्च्यांचं काम आलं होतं. बासष्ट खुर्च्या. दुकानभर फोम पडलेला. त्याने जेवण सोडलं. मला वाटलं, उन्हाळा आहे, रुसलाय. ताई म्हणत होती, डॉक्टरकडे ने. मी म्हणालो, उद्या. मग पुन्हा उद्या. असे तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी हातगाडीवर घालून नेला. पोट उघडलं, तर आत फोमचा गोळा. माझ्याच दुकानातला."

"आणि फॉर्मवर तुम्ही ‘नाही’ लिहिलंत."

"खरं लिहिलं असतं, तर दिला असता तुम्ही?"

"नसता दिला."

"मग काय करायचं होतं मी?"

"मागायचा नव्हता!" बाईंचा आवाज वॉर्डातल्यासारखा चढला. ढब्बू उठून बसला. "तीन दिवस! तोंड नसलेल्या जिवाला तीन दिवस! आणि वर खोटं!"

कारागिराने मान खाली घातली. दारामागचा पट्टा काढून त्याने ढब्बूच्या गळ्यात अडकवला आणि दुसरं टोक बाईंच्या हातात दिलं. "न्या."

बाईंनी पट्टा घट्ट धरला. न्यायचाच होता त्यांना. तेवढ्यात बहीण यंत्रावरून उठली. तिचे गुडघे दुखत असावेत, दोन्ही हात टेकवून उठली.

"न्यायचा तर ह्या घडीला न्या," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते, ते ह्याचं मागच्या वेळचं पाहिलं होतं म्हणून. चार महिने हा माणूस धड जेवला नव्हता. पण आता हा ढब्बू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मी नेऊ देणार नाही."

बाई उभ्याच राहिल्या. गेल्या वर्षीच्या त्या गृहस्थांचा फॉर्म त्यांनी नंतर कितीतरी वेळा काढून वाचला होता. त्यात एक ओळ खोटी नव्हती. ह्याच्या फॉर्ममध्ये होती. पण म्हणून ह्याला सोडायचं का? बिस्किट खाऊन "नाही" म्हणणारी माणसंही काही वाईट नसायची, तरी ऑपरेशनच्या टेबलावर मरता मरता वाचायची. बाईंना दोन्ही बाजू दिसत होत्या आणि एकीकडेही झुकता येत नव्हतं. हातातला पट्टा ताणला जात होता, कारण ढब्बूला पुन्हा यंत्राखाली जायचं होतं.

शेवटी त्यांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "पुन्हा भरा. पहिल्यापासून."

त्याने पाटावर बसून भरला. ‘आधी कुत्रा पाळला होता का?’ — ‘होता.’ ‘त्याचे काय झाले?’ — ‘फोम खाल्ला. मी तीन दिवस उशीर केला. मेला.’ अक्षर वेडंवाकडं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"महिना नाही, सहा महिने," त्या म्हणाल्या. "मी केव्हाही येईन. आणि आठवड्यातून दोनदा त्याचं पोट दाबायला न्यायचं नाही. महिन्यातून एकदा पुरे, तेही मागच्या गल्लीत. लाज वाटली तरी तिथेच."

सहा महिन्यांसाठी त्यांनी सही केली, पण त्या निश्चिंत झाल्या असं कुणी समजू नये. त्या येतच राहिल्या. कधी सोमवारी, कधी रविवारी, एकदा तर सकाळी सातला. आल्या की आधी पिंपांच्या झाकणांवरच्या विटा बघायच्या, मग वही, मग कुत्रा. ढब्बू तीस किलोच्या वर गेला. पंजे अंगाला शोभायला लागले. पडलेला कान तेवढा पडलेलाच राहिला. न्हावी सांगायचा की दुकानासमोरून जाणारी माणसं हल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जातात, आणि हा मात्र दारात बसून प्रत्येकासाठी शेपूट आपटतो. बाईंचा कागदावर विश्वास बसला होता. माणसावर अर्धा.

पाचव्या महिन्यात एका दुपारी त्यांचा फोन वाजला.

"बाई, मी बोलतोय. ढब्बूने माणसाला चावलं."

"कुणाला? कितपत?"

"गिऱ्हाईक आहे. हाताला. इथेच बसलेत. रक्त आलंय."

बाई रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचल्या. अर्धवट सोललेल्या सोफ्यावर एक जाडजूड माणूस हाताला टॉवेल गुंडाळून बसला होता. "असला राक्षस दुकानात मोकळा ठेवतात का?" तो बाईंना पाहताच ओरडला. बाईंनी त्याला नळापाशी नेऊन, साबण लावून, घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं हात धुतला. अंगठ्यापाशी दातांच्या दोन खुणा होत्या, फार खोल नव्हत्या. चावून ओढलेलं नव्हतं.

धुता धुता जुनी सवय जागी झाली. "तुम्ही काय केलंत त्याला?"

"मी? मी काय करणार?"

"काही केल्याशिवाय—"

"त्यांनी काही केलं नाही, बाई," मागून कारागीर म्हणाला. "खुर्चीमागे झोपला होता तो. गिऱ्हाईक आलं की आत बांधायचं ठरलंय आमचं. मी आज बांधला नव्हता. ह्यांनी बघायला म्हणून खुर्ची ओढली, खुर्चीच्या पायाखाली ह्याचं शेपूट आलं. ह्यांना तो दिसलाच नव्हता. चूक माझी आहे."

गिऱ्हाइकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळेना. "शेपूट आलं का?" तो जरा वेळाने म्हणाला. "मला वाटलं, उगाच धावून आला."

"सुया टोचून घ्याव्या लागतील," बाई म्हणाल्या. "कुत्र्याला लस दिलेली आहे, तरी घ्यायच्याच. आत्ता. हे तुमच्याबरोबर येतील."

दोघं दवाखान्यात गेले. बाई आत गेल्या. मागच्या खोलीत बहीण जमिनीवर बसली होती, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि दोन्ही हातांनी तिने ढब्बूचा गळपट्टा धरला होता. एवढा मोठा कुत्रा तिच्यामागे लपायचा प्रयत्न करत होता आणि निम्माही लपत नव्हता.

"नेणार का?" तिने विचारलं.

बाईंनी शेपूट हातात घेऊन पाहिलं. टोकाजवळ सालपट निघालं होतं. ढब्बू कण्हला, पण त्याने दात काही दाखवले नाहीत. बाईंनी तिथेही औषध लावलं, पट्टी बांधली. ती त्याने पुढच्या पाच मिनिटांत काढून टाकली.

कारागीर तासाभराने परतला. बाई वही वाचत बसल्या होत्या. आजच्या तारखेखाली त्याने जाण्याआधीच लिहून ठेवलं होतं: ‘तीन वाजता माणसाला चावला. बांधला नव्हता.’

"गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नसतं," बाई म्हणाल्या. "मला कळलंही नसतं."

"नसतं."

"कुत्रा चावला की परत घ्यायचा, असा निवाऱ्याचा नियम आहे. माहीत होतं?"

"फॉर्मवर छापलंय."

"तरी फोन केलात."

तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "मागच्या वेळी उद्या उद्या केलं होतं."

बाईंनी वही मिटली. निवाऱ्यात जाऊन त्यांनी घडलं ते सगळं लिहिलं: शेपूट, खुर्ची, न बांधणं, दातांच्या खुणांची खोली. शेवटी लिहिलं, कुत्रा आहे तिथेच राहावा. दुकान आणि खोली यांच्यामध्ये फाटक बसवावं. देखरेख आणखी सहा महिने. डॉक्टरने वाचलं आणि विचारलं, "नक्की, मेट्रनबाई?"

"नक्की काहीच नाही," बाई म्हणाल्या. "पण राहू दे."

चार दिवसांनी त्या गेल्या तेव्हा फाटक बसलं होतं. लाकडी, कमरेएवढं, वरच्या कडेला फोम घालून रेक्झिन ठोकलेलं, म्हणजे हनुवटी ठेवली तरी टोचू नये. ढब्बूने ठेवलीच होती. बाईंनी फाटक दोन्ही हातांनी धरून हलवलं. मग कडी हलवली.

"खालचा स्क्रू ढिला आहे," त्या म्हणाल्या.

"काल तर घट्ट होता."

"आज ढिला आहे."

तो गुडघ्यावर बसून वाकून बघू लागला. होता खरा ढिला. बहिणीने यंत्र न थांबवता पेचकस पुढे केला, आणि स्क्रू शेवटपर्यंत आत जाईस्तोवर बाई तिथेच उभ्या राहिल्या.